हजार रुपयांत दोघं भावंडं: गोव्यातून डोंगरात एक दिवस

डोंगरात जायचं ठरलं की घरात आधी चर्चा होते ती काय काय बघायचं याची. सुरुवात उलट बाजूने करा. संध्याकाळी घरी कसं यायचं ते आधी ठरवा, आणि त्यावरून सकाळी कितीला निघायचं ते मोजत मागे या. गोव्यात गावाकडच्या खाजगी बसगाड्या अंधार पडला की पटापट कमी होतात, रविवारी तर मुळातच कमी धावतात. शेवटची बस चुकली की टॅक्सीशिवाय पर्याय नसतो. तिच्या एका फेरीत दिवसभर वाचवलेले सगळे पैसे जातात आणि वर उसने घ्यावे लागतात. स्वस्त सहलीचं गणित खरं म्हणजे वेळेचं गणित आहे. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

दोन जागा सविस्तर देत आहोत. गाडी नसेल, किंवा धाकटं भावंड दहा-बारा वर्षांचं असेल तर पारोड्याचा चंद्रेश्वर-भूतनाथ डोंगर. थोरल्याकडे परवाना आणि घरची स्कूटर असेल, आणि मागे बसणारा लांबच्या प्रवासाला कंटाळणारा नसेल, तर साखळीवरून चोर्ला घाट. एका दिवसात दोन्ही उरकायचा विचार करू नका. एक दक्षिणेला, एक ईशान्येला; सगळा दिवस रस्त्यावरच जाईल.

कोणत्या महिन्यात

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. धबधब्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबरात अजून पाणी असतं, रस्ते कोरडे झालेले असतात, डोंगर हिरवा असतो. जानेवारीत सकाळी सहाला स्कूटरच्या मागच्या सीटवर चांगलीच थंडी वाजते. उंचीच्या दर हजार मीटरला हवा साडेसहा अंशांच्या आसपास थंड होते. चोर्ल्याची उंची ८०० मीटरच्या घरात, म्हणजे पणजीपेक्षा पाचेक अंश कमी, आणि वर गाडीचा वारा. मागे बसणाऱ्याला स्वेटर हवाच. चालवणाऱ्यापेक्षा त्यालाच जास्त हवा, कारण तो काही न करता नुसता बसून असतो.

जून ते सप्टेंबर घाट देखणा असतो आणि फसवाही. चोर्ल्यात धुकं इतकं दाट उतरतं की पुढच्या गाडीचा मागचा दिवाही दिसत नाही. दरडी येतात, झाडं आडवी होतात. पावसाळ्यात धबधब्यांवर जायला आणि उतरायला सरकार वेळोवेळी बंदी घालतं, कारण दरवर्षी कुणी ना कुणी बुडतं. पारोड्यालाही कुशावती फुगली की रस्त्यावर पाणी येतं आणि बसगाड्या दुसऱ्या वाटेने वळवतात. पहिली सहल पावसाळ्यात काढू नका. मार्च ते मे उकाडा असतो, ओढे आटलेले असतात आणि जंगलात वणव्याची भीती असते. २०२३च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात लागलेल्या आगी कित्येक दिवस विझत नव्हत्या.

बसने: चंद्रेश्वर-भूतनाथ

पारोडे गावाच्या डोक्यावर हा डोंगर उभा आहे. उंची साधारण ३५० मीटर. पायथ्यापासून डांबरी रस्ता झाडीतून वळणं घेत वर जातो आणि शेवटी पायऱ्या लागतात. वर चंद्रेश्वर आणि भूतनाथ अशी देवळं आहेत. हवा स्वच्छ असेल तर एका बाजूला सह्याद्रीची भिंत आणि दुसऱ्या बाजूला समुद्राची रेघ दिसते. पलीकडचं चांदर म्हणजे भोज राजांची चंद्रपूर नगरी, आणि हा चंद्रेश्वर त्यांचं दैवत मानला जातो. चढायला सोपा, वाट चुकायला जागा नाही, प्रवेशाला पैसे नाहीत. पहिल्या सहलीला याहून चांगला डोंगर गोव्यात नाही, हे आमचं ठाम मत आहे.

पणजीच्या कदंब स्थानकावरून मडगावची शटल, म्हणजे मधे न थांबणारी बस घ्या. तिकीट खिडकीवरच काढायचं असतं. सकाळी नोकरदारांची रांग लांब होते, म्हणून साडेसहापर्यंत खिडकीपाशी पोचा. तासाभरात मडगाव. तिथे केपें बाजूच्या बसची चौकशी करा आणि चढताना कंडक्टरला स्पष्ट विचारा, "पारोड्यावरून जाता ना?" सगळ्याच बसगाड्या त्या रस्त्याने जातात असं गृहीत धरू नका. मडगाव ते पारोडे बारा किलोमीटरच्या आसपास, अर्धा-पाऊण तास. उतरल्या उतरल्या, डोंगराकडे वळायच्या आधी, समोरच्या दुकानात विचारून घ्या: मडगावला जाणारी बस कुठे थांबते, दुपारी एक ते तीन किती बसगाड्या आहेत, शेवटची कितीला. दुपारच्या जेवणाच्या वेळी अनेक मार्गांवर मोठी खंड पडते. छापील वेळापत्रकापेक्षा दुकानदाराचं उत्तर भरवशाचं.

साडेआठला चढायला लागलात तर रमतगमत सव्वा तासात वर पोचता. उन्हाचा कडाका सुरू व्हायच्या आत चढ संपवणं महत्त्वाचं. रस्त्याच्या कडेला सावली आहे, पण डांबर तापलं की खालून वाफ येते आणि लहान मुलं तिथेच बसकण मारतात. वर दीड-दोन तास बसा, डबा खा, अकरा-साडेअकराला उतरायला लागा. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो तो घाईमुळे. पावलं छोटी टाका आणि वळणावर रस्त्याची आतली कड सोडून चाला, कारण वरून येणाऱ्या गाड्या तीच कड धरून वळतात.

पैशांचा हिशेब दोघांचा मिळून असा धरा: शटल जाऊन-येऊन २४०, मडगाव-पारोडे जाऊन-येऊन १००, मडगावात सकाळी भाजी-पाव आणि चहा १३०, परतताना थंड सरबत किंवा चहा-भजी १००. झाले ५७०. भाडी थोडी वर-खाली होतील, म्हणून आकडे मुद्दाम सैल धरले आहेत. जेवण घरचं. उरलेले ४३० खर्चायचे नाहीत. बस चुकली, चप्पल तुटली, कुणाचं पोट बिघडलं, तर ते कामाला येतात. संध्याकाळी परत आणले तर पुढच्या सहलीचे अर्धे पैसे तयार.

देवळात जायचं आहे, तेव्हा दोघांनीही गुडघ्याखाली जाणारे कपडे घाला. चैत्र पौर्णिमेच्या जत्रेच्या दिवसांत गर्दी प्रचंड असते. जत्रेलाच जायचं असेल तर जा, शांत डोंगर हवा असेल तर ते दिवस टाळा.

स्कूटरने: साखळी, केरी, चोर्ला, कणकुंबी

आधी एक घोळ निस्तरतो, कारण यात अनेक जण फसतात. गोव्यात केरी तीन आहेत: पेडण्याचं समुद्रकाठचं, फोंड्याचं आणि सत्तरीचं. सुर्लही तसंच: डिचोलीतलं सुर्ल, चोर्ल्याजवळचं सत्तरीतलं सुर्ल आणि धारबांदोड्याकडचं तांबडी सुर्ल. फोनच्या नकाशात नुसतं "केरी" टाकलं तर तो खुशाल तेरेखोलच्या खाडीकडे नेऊन सोडेल. तालुक्यासकट शोधा, आणि नकाशा घरीच उतरवून ठेवा, कारण घाटात रेंज जाते-येते.

पणजीहून जुनं गोवें, बाणस्तारी, माशेल, आमोण्याचा पूल, साखळी असा रस्ता आहे. म्हापशाकडून येणाऱ्यांनी अस्नोडा-डिचोलीवरून साखळी गाठावी. साखळीनंतर पर्ये, मग केरी, आणि केरीपासून घाट सुरू. पणजी ते कणकुंबी एका बाजूने ७५ किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन १५० धरा. दोघं बसून घाट चढताना लिटरला ४० किलोमीटरपेक्षा जास्त मिळेल ही आशा ठेवू नका. म्हणजे पावणेचार लिटर, पेट्रोलला ४०० रुपये. टाकी साखळीतच काठोकाठ भरा. घाटात पंप नाही.

सकाळी सहाला निघा. सातला साखळीत नाश्ता: पातळ भाजी, उंडे (गोल पाव), एखादी मिरची भजी, चहा. दोघांचे १३० रुपये. बसस्थानकावरचं शौचालय इथेच वापरा. पुढे घाटभर सोय नाही, आणि बहिणींना याचा जास्त त्रास होतो म्हणून थोरल्यांनी हे लक्षात ठेवून थांबायला हवं. पाळीचे दिवस असतील तर पॅड, कागदी पिशवी आणि हात धुवायला वेगळी पाण्याची बाटली बॅगेत असू द्या.

साखळीपासून दोन-तीन किलोमीटर आत हरवळे. जांभ्या दगडात कोरलेली लेणी, रुद्रेश्वराचं देऊळ आणि शेजारी धबधबा. लेणी पांडवांची म्हणून ओळखली जातात. आतली लिंगं नीट पाहायची तर सकाळचा कोवळा उजेड आत येतो ती वेळ चांगली. चाळीस मिनिटं पुरे. धबधब्याखालच्या डोहात उतरू नका. वरून साधं दिसणारं पाणी खडकाखाली खोल असतं आणि शेवाळावर पाय ठरत नाही.

केरी मागे टाकून घाट चढायला लागलं की वळणांवरून खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसू लागतं. थांबायचं तर वळणावर नाही, वळण संपल्यावर जिथे रस्ता रुंद आहे तिथे, दोन्ही चाकं डांबराबाहेर घेऊन. बेळगावकडून येणारे ट्रक आणि बसगाड्या वळणावर पूर्ण रस्ता घेतात. आतल्या वळणावर हॉर्न द्या आणि डावी कड सोडू नका.

घाटमाथ्यावर गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र ही तिन्ही राज्यं एकमेकांना भिडतात. आजूबाजूचं जंगल म्हादई अभयारण्याचं आहे. ते १९९९ साली जाहीर झालं, क्षेत्र २०८ चौरस किलोमीटर. रस्त्यावरून डोंगर बघायला कुणाची परवानगी लागत नाही, पण रस्ता सोडून जंगलात शिरायचं तर वन खात्याची लागते. व्हिडिओत पाहिलेल्या धबधब्याची पायवाट शोधत दोघांनीच आत जाणं हा सर्वांत वाईट बेत. वाट चुकते, रेंज नसते, आणि तुम्ही कुठे आहात हे कुणालाच माहीत नसतं.

माथ्यापासून पुढे कर्नाटकात खानापूर तालुक्यातलं कणकुंबी. माउलीचं देऊळ आहे, आणि मलप्रभा नदी इथेच उगम पावते. म्हादईच्या पाण्याच्या वादात ज्या कळसा नाल्याचं नाव आपण वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात वाचतो, तो याच परिसरातला. एवढ्याशा टापूत एक पाणी पश्चिमेला आपल्या मांडवीकडे जातं आणि दुसरं पूर्वेला कृष्णेकडे. धाकटं भावंड शाळेत भूगोल शिकत असेल तर नकाशा उघडून तिथेच दाखवा. पाणलोट म्हणजे काय ते आयुष्यभर लक्षात राहील. राज्याची हद्द ओलांडताना परवाना, गाडीचं नोंदणीपत्र, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र जवळ हवं. दारूची बाटली अजिबात नको. सीमेवर तपासणी होते.

माथ्यावरून दुपारी अडीचला परत फिरा. आवडो न आवडो, अडीच म्हणजे अडीच. नोव्हेंबर-डिसेंबरात गोव्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि डोंगराच्या सावलीत घाट त्याआधीच काळोखा होतो. अडीचला निघालं तर एखादं पंक्चर झालं तरी उजेडात साखळी गाठता येते.

घाट उतरताना स्कूटरचं काय होतं

गिअरच्या मोटरसायकलवर घाट उतरताना खालचा गिअर टाकला की इंजिनच गाडी धरून ठेवतं. स्कूटरला तसा गिअर नाही. तिचा क्लच इंजिनाच्या वेगावर चालतो: ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी अगदी हळू चालू दिली, किंवा थांबल्या जागेवरून उतारावर नुसती सोडली, तर क्लच सुटलेलाच राहतो आणि गाडी मोकळी घरंगळते. मग सगळा भार ब्रेकवर येतो. दोघांचं वजन, लांब उतार आणि सतत दाबलेला ब्रेक यामुळे ड्रम तापतो, लायनर जळल्यासारखा वास येतो आणि लीव्हर दाबूनही गाडी आधीसारखी थांबत नाही.

यावर उपाय सोपे आहेत. थांबून पुन्हा निघताना ॲक्सिलरेटर किंचित द्या म्हणजे क्लच धरतो आणि इंजिनाची थोडी ओढ मिळते. ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर घट्ट दाबा, वेग उतरवा, सोडा. पुढचा आणि मागचा दोन्ही वापरा. अलीकडच्या स्कूटरना डावा लीव्हर दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, तरी उजव्या लीव्हरचीही सवय हवी. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणं हा वेडेपणा आहे. वास आला की थांबा, दहा-पंधरा मिनिटं गाडी थंड होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. चढतानाही जळका वास आला तर इंजिनाची ताकद चाकाला देणारा पट्टा तापला आहे. मागच्याला उतरवून विश्रांती घ्या.

आदल्या दिवशी हवा भरताना पंपावरच्या पोऱ्याला "दोघं बसणार" असं सांगा. बहुतेक ११० सीसी स्कूटरना दोघं असताना मागच्या चाकात ३६ आणि पुढच्यात २२ पौंड हवा लागते; आपल्या गाडीचा आकडा स्टिकरवर पाहून खात्री करा. मागचं चाक मऊ राहिलं की वळणावर गाडी डुलते, आणि चालवणाऱ्याला वाटतं की मागचाच हलतो आहे. अर्ध्या रस्त्यात भांडण सुरू होतं ते यावरून. मागे बसणाऱ्याने वळणावर चालवणाऱ्याच्या खांद्याबरोबर झुकावं, उलट बाजूला नाही.

हेल्मेट दोघांनाही हवं. नसेल तर कायद्याने १००० रुपये दंड आहे, म्हणजे सहलीचा पूर्ण खर्च तिठ्यावरच संपला. आणि अठरा वर्षांखालच्या भावंडाच्या हाती "जरा सरळ रस्ता आहे" म्हणून गाडी देऊ नका. अल्पवयीन गाडी चालवताना सापडला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तुरुंगवासापर्यंत शिक्षा होऊ शकते.

डबा आणि पाणी

गोव्यातल्या स्वयंपाकाची एक अडचण प्रवासात कळते. ओलं खोबरं घातलेली भाजी डब्यात बंद राहिली की दुपारपर्यंत आंबते. म्हणून डब्यात खोबरं नाही, रस्सा नाही, कच्चा कांदा नाही. दोघांसाठी आठ चपात्या आणि मध्यम आकाराच्या पाच बटाट्यांची सुकी भाजी: मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, हळद, वरून लिंबू. भाजी पूर्ण थंड झाल्यावरच डबा बंद करा. गरम भरली तर झाकणाला वाफ धरते आणि तिथूनच ती खराब होते. पोई (गोव्यातला कोंड्याचा पाव) नेणार असाल तर सकाळची ताजी न्या, कापून आत भाजी भरा, कागदात गुंडाळा.

मधल्या भुकेला १५० ग्रॅम शेंगदाणे आणि ५० ग्रॅम गूळ, चार केळी. केळी बॅगेत सर्वांत वर. घाटातल्या माकडांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखू येतो. खायला रस्त्यावर बसू नका, त्यांना काही देऊ नका, आणि उघडी पिशवी स्कूटरच्या हुकाला लटकवून ठेवू नका.

पाणी माणशी दोन लिटर. यातली एक बाटली कोकमाची करा: एक लिटर पाण्यात चार मोठे चमचे आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि तीन मोठे चमचे साखर. आगळात मीठ असतंच, वेगळं घालू नका. ते आंबट असल्यामुळे स्टीलच्या बाटलीत भरा, ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या नको. कुणाला उलटी-जुलाब झाले तर साधं मिश्रण लक्षात ठेवा: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. ओढ्याचं पाणी कितीही निवळ दिसलं तरी पिऊ नका. वर गुरं चरतात.

ज्याला गाडी लागते त्याला बसमध्ये पुढची, खिडकीकडची जागा द्या. रिकाम्या पोटी बसवू नका आणि फोन बघू देऊ नका. औषध घ्यायचं असेल तर निघायच्या आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेरच येते.

दोघांमधली वाटणी

पैसे एकाकडे, वेळ दुसऱ्याकडे. थोरला पाकीट सांभाळतो, धाकट्याच्या हातात घड्याळ आणि परतीची वेळ. "ताई, निघायची वेळ झाली" असं धाकट्याने म्हटलं की निघायचं, वाद नाही. जबाबदारी मिळाली की लहान मूल कुरकुरत मागे राहत नाही. चालताना धाकटा पुढे, थोरला मागे, आणि वेग धाकट्याचा. थोरला पुढे गेला की अंतर पडतं, मग थांबून हाका मारणं, मग चिडचिड. दर पाऊण तासाला पाच मिनिटं थांबा आणि काहीतरी तोंडात टाका. डोंगरावरची निम्मी भांडणं भुकेची असतात.

एक फोन चालू, दुसरा विमान मोडमध्ये. चालू फोनची बॅटरी फोटो काढून दुपारीच संपते, तेव्हा दुसरा उपयोगी पडतो. निघताना घरी रस्ता आणि परतीची वेळ लिहून ठेवा, आणि रेंज असलेल्या शेवटच्या ठिकाणाहून, म्हणजे केरीतून किंवा पारोड्याहून, आईला एक निरोप टाका. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८, पोलिसांसाठी ११२. दोघांनाही पाठ हवेत.

बॅगा दोन घ्या, एक नाही. धाकट्याच्या बॅगेत त्याचं पाणी, स्वेटर आणि केळी. बाकी सगळं थोरल्याकडे. थोरल्याच्या बॅगेत पट्टी, जंतुनाशक मलम, सुतळी, छोटी विजेरी, सुट्टे पैसे, आणि कचरा परत आणायला एक जाड पिशवी. पावसाळ्याच्या शेवटाला गेलात तर जळवांसाठी चिमूटभर मिठाची पुडी. जळू ओढून काढू नका, तिच्या तोंडापाशी मीठ टाका, ती सुटते.

दूधसागर आणि तांबडी सुर्ल यांबद्दल लोक नेहमी विचारतात. दूधसागर या बजेटमध्ये बसत नाही. कुळ्याहून जीप घ्यावी लागते, आणि रुळांवरून चालत जायला रेल्वेची मनाई आहे. तांबडी सुर्लचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ मात्र जरूर बघा. काळ्या बेसॉल्टचं, बारीक कोरीवकामाचं, रानाच्या कुशीतलं असं दुसरं देऊळ गोव्यात उरलेलं नाही. पण तिथली बससेवा तुटपुंजी आहे, तेव्हा स्कूटर असेल तरच, आणि त्याला स्वतंत्र दिवस द्या.

घरी आल्यावर

सत्तरीत २०१५ पासून माकडताप आढळतो. गोचिडीच्या चाव्यातून पसरणारा हा आजार आहे, आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका सहलींचा. म्हणून चोर्ल्याकडे जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पॅंट, पॅंटची टोकं मोज्यांत खोचलेली. पालापाचोळ्यावर बसू नका. प्लॅस्टिकची चादर अंथरा, ती फिकट रंगाची असली तर गोचीड लगेच दिसते. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वन खात्याच्या नाक्यावर कळवा.

घरी पोचल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाका आणि साबणाने अंघोळ करा. मग गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, कमरेच्या नाडीखाली आणि केसांत बघा. लहान भावंडाचं मोठ्याने तपासावं. चिमुकली गोचीड तिळाएवढी असते आणि चावलेली कळतही नाही. चिकटलेली सापडली तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ पकडून सरळ वर ओढा. चिरडू नका, जाळू नका, तेल लावून वाट बघू नका. जागा साबणाने धुवा. पुढच्या आठ-दहा दिवसांत अचानक तीव्र ताप, डोकेदुखी, अंग मोडून आलं तर घरच्या घरी गोळ्या घेत बसू नका. आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की सत्तरीच्या रानात गेलो होतो, अमुक तारखेला.